सातबाऱ्यावरून खापरपणजोबांपर्यंत

वंशावळ शोधायला निघालेला माणूस पहिली चूक करतो ती आडनाव शोधण्याची. १८६०-७० च्या सरकारी दप्तरात आपला पूर्वज बहुधा आडनावाने भेटतच नाही. तो 'राघू बिन धोंडू' एवढाच असतो, आणि त्याच गावात त्याच साली राघू बिन धोंडू दोघे-तिघे असू शकतात. ब्रिटिश सरकारला आपल्या पणजोबांत काडीचा रस नव्हता. अमुक शेताचा सारा कोण भरणार, एवढेच त्याला हवे होते. म्हणून दप्तर लावले गेले ते शेतावरून. नावे येतात, खोडली जातात, कंसात जातात. शेत जागेवरच राहते. तेव्हा माणूस शोधायच्या भानगडीत पडू नका. शेत धरा आणि त्याच्या मागे मागे जा.

हा लेख मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यातल्या, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि कोकणातल्या कुटुंबांसाठी आहे. काळ १८१८ ते १९४७. मराठवाडा, विदर्भ आणि गोव्याचे दप्तर वेगळे. त्याबद्दल शेवटी थोडे.

आधी घरातली ट्रंक

कचेरीत जाण्याआधी घर धुंडाळा. जुन्या सारा पावत्या, वाटणीपत्राची नक्कल, कोर्टाचा निकाल, सोसायटीच्या कर्जाचे कागद, काय सापडेल सांगता येत नाही. आमच्याकडे सर्वांत जुना कागद देव्हाऱ्याखालच्या फळीवर निघाला. त्यात पोथी बांधली होती.

मग म्हाताऱ्या माणसांना गाठा, आणि पुरुषांच्या आधी आत्यांना विचारा. पुरुष जमिनीचे भांडण सांगतात. आत्या कोण कुठे दिली, कोणाला दोन बायका होत्या, कोण दत्तक आला हे सांगते. ऐकलेले सगळे वहीत उतरवा, पण वेगळ्या शाईने. ऐकीव आणि कागदावरचे एकदा मिसळले की पुन्हा वेगळे करता येत नाही.

याच टप्प्यावर गावाचा पत्ता पक्का करा. आजचा नव्हे, त्या काळचा. आज सिंधुदुर्गात असलेली बरीच गावे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होती. सांगली जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' म्हणून निघाला. रायगड म्हणजे कुलाबा. आणि गाव संस्थानात होते का, हे जरूर विचारा. कोल्हापूर, औंध, फलटण, भोर, जत, मिरज, सावंतवाडी ही संस्थाने १९४८-४९ मध्ये विलीन झाली. त्याआधीचे तिथले दप्तर इलाख्याच्या दप्तरात शोधून मिळणार नाही.

आजच्या उताऱ्यापासून मागे

घरात कोणाच्याही नावावर गावाकडे गुंठाभर जमीन असेल तर तुमचे अर्धे काम झाले. तिचा सातबारा काढा. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२ एकत्र: वर हक्क, खाली पीक. महाभूलेखवर आजचा उतारा मिळतो. जुने हाती लिहिलेले सातबारे आणि फेरफार (म्हणजे हक्कातल्या बदलांच्या नोंदी) अनेक तालुक्यांत स्कॅन झाले आहेत आणि 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर फी भरून मिळतात. सगळी गावे तिथे नाहीत. तुमचे नसेल तर तहसील कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये कोर्ट फी स्टॅम्प लावून नकलेचा अर्ज करायचा.

अर्जात 'आमच्या पूर्वजांची माहिती मिळावी' असे लिहू नका. असा अर्ज कोणीही बाजूला ठेवतो, आणि त्यात त्या कारकुनाची चूकही नाही. 'मौजे अमुक, सर्व्हे नंबर अमुक, अमुक सालापासून अमुक सालापर्यंतचे सातबारे व त्यावरील फेरफारांच्या नकला' असे लिहा. तिथले दप्तर गाव, नमुना आणि नंबर एवढीच भाषा जाणते.

इथे पहिला अडथळा येतो. उताऱ्यावर आज 'गट नंबर' असतो, आणि जुन्या कागदांवर 'सर्व्हे नंबर'. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी जमिनींचे एकत्रीकरण झाले आणि नंबर बदलले. कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला, हे एकत्रीकरण योजनेच्या उताऱ्यात मिळते. लोक त्याला 'नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा' म्हणतात. तो उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कचेरीत मिळेल, तहसीलमध्ये नाही. या दोन कचेऱ्यांतला फरक कळायला मला चार फेऱ्या लागल्या. ढोबळमानाने सांगायचे तर कोणाचा हक्क हे तहसीलकडे, आणि शेताची हद्द, क्षेत्र, आकार (म्हणजे त्यावर बसवलेला सारा) हे भूमी अभिलेखकडे.

जुना सातबारा हातात आला की छापील ओळीपेक्षा खाडाखोड बघा. ज्याचे नाव कमी झाले त्याला कंस केलेला असतो आणि शेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा नंबर. नुसता सातबारा काढून घरी येणारे पुष्कळ असतात. खरी गोष्ट त्या वर्तुळातल्या आकड्यामागे असते.

फेरफार कसा वाचायचा

हक्कनोंदणीचा मुंबई कायदा १९०३ चा. १९१३ साली तो जमीन महसूल कायद्यातच घातला गेला. त्यानंतर गावागावांत ही पद्धत लागू होत गेली आणि तिथून पुढचा प्रत्येक बदल गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत, क्रमाने नोंदला गेला. मृत्यू, वाटणी, खरेदी, गहाण, दत्तक, सगळे एकाच रांगेत. वंशावळ शोधणाऱ्याला यातली वारसाची नोंद सर्वांत मोलाची. खातेदार अमुक मयत, त्याचे वारस मुलगे अमुक आणि अमुक, पैकी धाकटा अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, पालन करणारी आई अमुक. चार ओळींत तीन पिढ्या.

या चार ओळी नीट वाचायच्या तर काही शब्द माहीत हवेत. 'बिन' म्हणजे मुलगा; काही कागदांत त्याच अर्थाने 'वलद' असते. बाईच्या नावापुढे 'कोम', 'भ्र.' म्हणजे भ्रतार, 'मर्द' किंवा मोडी कागदांत 'जोजे' आले की पुढचे नाव नवऱ्याचे. 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर अथवा कर्ता. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता.

यातल्या 'ए.कु.मॅ.'ने फार लोकांना फसवले आहे. नाव एकाचेच दिसते म्हणून 'आमचे पणजोबा एकुलते एक' असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ते चार भावांतले थोरले असतात आणि बाकीचे तिघे त्या तीन अक्षरांत बुडालेले असतात. पुढे कधीतरी 'वाटणीने' असा फेरफार येतो आणि ते तिघे, किंवा त्यांची मुले, अचानक वर येतात. म्हणून वारसाची नोंद मिळाली तरी थांबू नका. त्याच सर्व्हे नंबरावरचे पुढचे सगळे फेरफार वाचून काढा.

दुसरी ठेच तारखेची. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. माणूस गेल्यावर दहा-पंधरा वर्षांनी, कर्ज काढायची वेळ आल्यावर, वर्दी दिली असे सर्रास होई. मृत्यूची तारीख हवी तर गाव नमुना १४ पाहा, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. तिलाच कोतवाल बुक म्हणतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे हे नाव घराघरांत पोचले. त्यात नाव, जात, गाव, मृत्यूचे कारण असते. फेरफारावरून साल माहीत असेल तर त्याच्या मागची दहा-पंधरा वर्षे पाहायची. एकाच घरातली दोन-तीन माणसे पाठोपाठ गेलेली दिसली, तर आधी १९१८ च्या इन्फ्लुएंझाची साथ आठवा. १८९६ नंतरची वर्षे असतील तर प्लेग.

बायकांबद्दल वेगळे सांगितले पाहिजे, कारण दप्तराने त्यांना बाहेरच ठेवले होते. मुलगे असले तर विधवेचे आणि मुलींचे नाव लागतच नसे. १९३७ च्या कायद्याने विधवेला हयातीपुरता हिस्सा मिळाला आणि तिथून विधवा नोंदीत दिसू लागल्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुली येतात, त्याही सासरच्या नावागावासह. म्हणून एक युक्ती. १९५६ नंतर मेलेल्या एखाद्या चुलत आजोबांची वारस नोंद मिळवा. त्यात त्यांच्या लेकींची सासरची गावे मिळतात, आणि त्या घरांतली माणसे आजही तुमच्या घराण्याबद्दल तुमच्यापेक्षा जास्त जाणत असतात. मात्र लग्नात नाव बदलले असेल तर माहेरची 'गोदा' सासरच्या कागदावर 'लक्ष्मीबाई' असणार. तिथे आत्यांची वही कामाला येते.

आणे-पैचे गणित

जुन्या सातबाऱ्यावर, वाटणीपत्रात, वतनाच्या कागदात माणसाच्या नावापुढे हिस्सा लिहिलेला असतो: चार आणे, पाच आणे चार पै, एक आणा चार पै. बहुतेक जण यावरून नजर फिरवून पुढे जातात. मला विचाराल तर अख्ख्या दप्तरात वंशावळीच्या दृष्टीने याहून बोलके काही नाही.

अख्खी जमीन म्हणजे एक रुपया. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे एकूण १९२ पै. आता 'एक आणा चार पै' हा हिस्सा घ्या. त्याच्या १६ पै होतात. १९२ चा बारावा भाग. बारावा हिस्सा एका माणसाकडे कसा येईल? समजा मूळ पुरुषाला तीन मुलगे, प्रत्येकी ५ आणे ४ पै. त्यातल्या एकाला दोन मुलगे, प्रत्येकी २ आणे ८ पै. त्यातल्या एकाला पुन्हा दोन, प्रत्येकी १ आणा ४ पै. म्हणजे तुमच्या हातात नाव एकाचे असले, तरी त्याच्या वर तीन पायऱ्या आहेत हे आकडाच सांगतो.

'पण चार भाऊ आणि मग तीन, असेही बारा होतात की,' असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून त्याच सर्व्हे नंबरातल्या बाकीच्यांचे हिस्से पाहायचे. कोणाकडे अजून ५ आणे ४ पै अखंड असेल तर पहिली फाटाफूट तीन भावांत झाली. कोणाकडे चार आणे अखंड असेल तर चौघांत. सगळ्यांची बेरीज १६ आणे होते का, हेही तपासा. कमी भरली तर एखादी शाखा निर्वंश झाली, मुंबईला गेली किंवा विकून मोकळी झाली. तिचा फेरफार शोधायचा राहिला आहे. आणि ३ आणे २ पैवर दोन-पंचमांश असा वेडावाकडा आकडा आला तर खुशाल समजा की कुठेतरी पाच भाऊ होते. पाचाने रुपया नीट तुटत नाही.

सावधगिरी एकच. हिस्सा विकत घेतलेलाही असू शकतो. खरेदीने आलेला हिस्सा वंशावळीत धरलात तर शेजारी तुमचा चुलता होऊन बसेल. तेव्हा प्रत्येक हिश्शामागचा फेरफार वारसाचा आहे, वाटणीचा आहे की खरेदीचा, हे पाहिल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका. पोटहिश्शांनाही हेच लागू. ४५/१, ४५/२, ४५/३ हे तीन भाऊ असतीलच असे नाही.

१९०३ च्या मागे

फेरफाराची पहिली वही संपली की पुष्कळांना वाटते, झाले. पण त्याच्या मागे मोजणीचे दप्तर आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी इंदापूर तालुक्यात १८३० च्या दशकाच्या मध्याला सुरू झाली आणि पुढे इलाखाभर पसरली. ३३ फुटांची साखळी. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. सर्व्हे नंबर तेव्हा पडले. त्याआधी शेताला नाव असे, नंबर नव्हता. अजूनही गावात 'पिंपळाचे शेत', 'माळवाडी' अशी नावे चालतात. तुमच्या शेताचे असे नाव ठाऊक असेल तर टिपून ठेवा, मोडी कागदात तेच येईल.

त्या मोजणीच्या वेळचे शेतवार पत्रक भूमी अभिलेखकडे मागा. त्यात नंबरवार क्षेत्र, आकार आणि तेव्हाच्या खातेदाराचे नाव असते. फेरफारावरून तुम्ही १९१५ च्या सुमाराच्या 'धोंडू बिन राघू'पर्यंत आला असाल आणि शेतवार पत्रकात त्याच नंबरावर 'राघू बिन' कोणीतरी निघाला, तर साखळी जुळली. फक्त एक पाहा. आपल्याकडे नातवाला आजोबाचे नाव ठेवतात. राघू-धोंडू-राघू-धोंडू अशी माळ असते, आणि मधल्या दोन पिढ्या गाळून आजा-नातू एकच समजला जातो. दोन नोंदींत चाळीस-पन्नास वर्षांचे अंतर असेल तर हा संशय घ्यायलाच हवा.

कोकणातल्या खोती गावांत ही वाट बिकट होते. तिथे सरकारशी करार खोताचा, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्याचा; प्रत्यक्ष कसणारा धारेकरी (ठरलेला धारा भरणारा) किंवा कूळ. १८८० च्या खोती कायद्यापासून १९४९ च्या खोती निर्मूलनापर्यंतच्या काळात तुमचे घराणे खोताचे नसेल तर त्याला कुळांच्या कागदांत शोधा. बोटखत नावाचा कागद या गावांत सापडतो, त्यात कुळांची नावे असतात. देशावरही तसेच. पुष्कळ कुटुंबांच्या नावावर जमीन पहिल्यांदा आली ती कूळकायद्याने, १ एप्रिल १९५७ या कृषक दिनानंतर, 'बत्तीस ग'च्या, म्हणजे त्या कायद्यातल्या कुळाला जमीन विकत देण्याच्या कलमाखालच्या, प्रकरणात. त्याआधी ती माणसे 'इतर हक्क' किंवा पीकपाहणीच्या रकान्यात असतात. मालकाच्या रकान्यात नाव नाही म्हणून हात हलवत परत फिरू नका.

वतनदार, म्हणजे पिढीजात गावकाम आणि त्याबद्दलची जमीन असलेल्या, घराण्यांची गोष्ट निराळी. पाटील, कुलकर्णी, महार, रामोशी, गुरव, जोशी, ज्यांच्याकडे वतन होते त्यांना सरकारला वारसहक्क दाखवावा लागे, आणि त्यासाठी वंशावळच द्यावी लागे. १८७४ च्या वतन कायद्याखालची रजिस्टरे आणि चौकशीचे कागद त्यासाठी पाहावेत. दलित कुटुंबांना मी आवर्जून सांगतो की महार वतनाच्या नोंदी पहिल्यांदा पाहा. रयतावा, म्हणजे सारा भरून कसायची, जमीन नसली तरी वतनाची तक्षीम, म्हणजे वाटा, असते, आणि तक्षिमेत भाऊबंदकी नावानिशी येते. वतने १९५०-६२ च्या कायद्यांनी रद्द झाली, त्यानंतरच्या पुनर्प्रदानाच्या, म्हणजे ती जमीन वतनदाराला परत देण्याच्या, फायलींतही वंशावळी लावलेल्या असतात.

मृत्युपत्र: असले तर का असले?

आता मृत्युपत्रे. इथे आधी अपेक्षा कमी करा. एकत्र कुटुंबातल्या माणसाला वडिलार्जित मिळकतीतला आपला हिस्सा मृत्युपत्राने देताच येत नव्हता. ते १९५६ नंतर शक्य झाले. म्हणून खेड्यातल्या सामान्य शेतकऱ्याचे १८९० चे मृत्युपत्र क्वचितच निघते. पण निघाले, तर त्याचे असणे हीच पहिली बातमी. माणूस बहुधा विभक्त होता, किंवा त्याला मुलगा नव्हता, किंवा मिळकत त्याने स्वतः कमावली होती. मजकूर वाचण्याआधी हे तीन प्रश्न कागदाच्या वर लिहून घ्या.

मुंबई शहर याला अपवाद. १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टने मुंबई शहरातल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना नियम घातले, आणि ती हायकोर्टातून शाबीत करून घेणे, म्हणजे प्रोबेट, आवश्यक झाले. गिरगावात घर केलेले, कोटात दुकान टाकलेले किंवा भायखळ्याला चाळ बांधलेले कोणी तुमच्यात असेल तर मुंबई हायकोर्टाच्या मृत्युपत्र विभागात अर्ज करण्यासारखा आहे. मराठी मृत्युपत्राला इंग्रजी भाषांतर जोडलेले असते. त्यात नावांचे स्पेलिंग पाहून हसू येईल, पण शोधताना प्रत्येक नावाची तीन-चार रूपे करून शोधा.

मुंबईबाहेर दुय्यम निबंधकाकडे जायचे. दस्तनोंदणीचा कायदा १८६४ पासून आहे. आजही चालू असलेल्या १९०८ च्या कायद्याप्रमाणे स्थावराचे दस्त पुस्तक १ मध्ये आणि मृत्युपत्रे व दत्तक घेण्याची अधिकारपत्रे पुस्तक ३ मध्ये. पुस्तक १ आणि त्याच्या सूच्या कोणालाही पाहता येतात. सूची १ माणसांच्या नावाची, सूची २ मिळकतीची. आपल्या पद्धतीप्रमाणे दुसरीकडून सुरुवात करा. पुस्तक ३ मधली नक्कल, मृत्युपत्र करणारा वारल्यावर, अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळू शकते. काउंटरवर 'तुमचा संबंध काय' असे विचारले तर कलम ५७ नम्रपणे दाखवा. आवाज चढवून काही मिळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

मृत्युपत्र वाचताना मुख्य वारसाकडे कमी आणि किरकोळ नावांकडे जास्त लक्ष द्या. 'माझी मयत बहीण हिचा मुलगा', 'माझ्या पहिल्या कुटुंबाचे अंगावरचे दागिने', 'चुलते यांचे सावकारी देणे' अशा ओळींत फेरफाराने कधीच न सांगितलेली नाती असतात. साक्षीदारही पाहा, त्यात एखादा मेहुणा हमखास निघतो. सही येत नसेल तर निशाणी असते. शेतकऱ्याची नांगर, बाईची बांगडी.

दत्तकपत्र हाती लागले तर थांबून विचार करा, कारण झाड तिथे दुसऱ्या झाडावर कलम झालेले असते. मुंबई इलाख्यात विधवेने दत्तक घ्यायला नवऱ्याची स्पष्ट परवानगी असलीच पाहिजे, अशी बंगालसारखी अट नव्हती. त्यामुळे विधवांनी घेतलेले दत्तक आणि त्यावरून भाऊबंदांनी केलेले दावे, दोन्ही भरपूर. वंशावळीत जन्मदाता आणि दत्तक बाप दोघेही दाखवा. एकच दाखवायचा तर कोणता, यावर घरात होणाऱ्या वादात मी पडत नाही.

गहाणखते विसरू नका. १८७५ च्या दंगलींनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने पुणे, सातारा, नगर, सोलापूर जिल्ह्यांत शेतकऱ्याचे कर्जरोखे ग्राम-निबंधकापुढे लिहून घेण्याची तरतूद केली. कर्ज घेताना सावकार एकट्याची सही घेत नसे, सज्ञान भाऊ आणि मुलगेही ओढले जात. कर्जाचा कागद म्हणजे त्या दिवशीच्या घराची हजेरी.

भांडले असतील तर उत्तम

पूर्वज गुण्यागोविंदाने नांदले असतील तर कागद कमी. वाटपाचा दावा झाला असेल तर वादीने अर्जालाच वंशवृक्ष जोडलेला असतो आणि प्रतिवादीने तो खोडून काढायचा प्रयत्न केलेला असतो, दोन्ही वाचा. दिवाणी कोर्टाच्या जुन्या फायली सगळ्या राहत नाहीत, पण प्रकरण हायकोर्टात गेले असेल तर १८७६ पासून छापल्या जाणाऱ्या इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत निकालासह वंशावळ छापलेली सापडू शकते.

मोडी आणि सनावळ्या

मागे जाल तशी मोडी येणारच. घाबरू नका. तीन महिन्यांचा वर्ग केला तर फेरफार आणि दस्त वाचण्याइतकी येते, कारण मजकूर ठरावीक असतो. ऱ्हस्व-दीर्घ सोडून द्या, आधी आकडे आणि नावे शिका.

सालांसाठी तीन बेरजा पाठ करा. शकात ७८ मिळवले की इसवी सन (जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९). फसली या महसुली सनात ५९०. मराठेशाहीतल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६००. शुहूर सन अरबी शब्दांत लिहितात: 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, ११७५, म्हणजे १७७४-७५. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. त्यामुळे '१९२९-३०' सालची नोंद नेमकी कोणत्या इसवी सनातली, हे महिना पाहिल्याशिवाय ठरवू नका.

दप्तराबाहेरची ताडणी

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांच्या सह्या आणि नावे मिळतात. कोल्हापूर-सांगली-बेळगाव भागात हेळवी येतात. बैलावर बसून दारात येणारा हा माणूस तुमच्या वीस पिढ्या धडाधडा म्हणून दाखवतो. मला हेळव्यांबद्दल आदर आहे, पण जमिनीच्या कागदाशी पडताळल्याशिवाय त्यांचे एकही नाव मी पक्क्या शाईत घेत नाही. छापील कुलवृत्तान्तांनाही तोच न्याय. घराण्याचे मूळ थेट एखाद्या राजवंशात नेणारे पान आले की मी चष्मा पुसून घेतो.

मराठवाडा, विदर्भ, गोवा

मराठवाड्यात निजामाचे दप्तर, उर्दू आणि फारसीत. तिथे १९५४ चे खासरा पत्रक आणि पाहणी पत्रके ही पहिली पायरी. विदर्भात नागपूरकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरी, तेव्हा बंदोबस्त मिसल, म्हणजे सारा ठरवतानाची फाईल, मागा. वऱ्हाडात मात्र मुंबईसारखीच रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरी. गोव्यात वाट सर्वांत सोपी आणि भाषेने सर्वांत अवघड: पोर्तुगीज कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर मिळकतीची आणि वारसांची यादी कोर्टात होई, आणि गावकरीच्या, म्हणजे कोमुनिदादच्या, वह्यांत गावकार घराण्यांचे पुरुष नोंदले जात. त्यासाठी पणजीचे पुराभिलेखागार. कुटुंबात कोणी युरोपीय असेल तर मुंबई इलाख्यातल्या युरोपीयांच्या मृत्युपत्रांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

पुण्याला जाण्याआधी

घराण्याला इनाम असेल तर शेवटचा मुक्काम पुणे पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दप्तर. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना सनदा घेऊन हजर राहावे लागले. 'हे इनाम आमच्या घराण्यात कसे आले' याच्या कैफियती त्यांनी दिल्या, आणि त्यांत वंशावळी आल्या. १८५० च्या सुमारास जिवंत असलेला माणूस आपल्या पणजोबाचे नाव सांगतो, म्हणजे तुम्ही एका उडीत अठराव्या शतकात.

पण तिथे सुमारे ३९ हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. तेव्हा नुसते आडनाव घेऊन जाऊ नका. एका कागदावर गावाचे जुने नाव, तर्फ आणि परगणा (हे जुने महसुली विभाग), इनामाचा प्रकार, शेताचे जुने नाव आणि तुमच्याकडचे सर्वांत जुने नाव बापाच्या नावासह लिहून न्या. परगणा ठाऊक नसेल तर आधी गावच्या जुन्या मोजणीच्या कागदावरून किंवा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरवरून तो काढा, आणि मगच पुण्याची गाडी धरा.